मोडता येईल असं घर

कोकणात घर बांधायला निघालेल्या माणसाला इंजिनिअर आधी बजेट विचारतो. त्याने खरं तर विचारायला हवं, की गणपतीला किती माणसं येतात? वर्षातले साडेअकरा महिने आमच्या घरात पाच माणसं असतात. आई, बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी. भाद्रपद उजाडला की मुंबईचे दोन काका, त्यांची मुलं, सुना, नातवंडं, डोंबिवलीची आत्या असं करत आकडा पंचविसाच्या पुढे जातो. शिमग्याला त्याच्या निम्मा. मग घर पाचांचं बांधायचं की पंचविसांचं? माती की सिमेंट, कौलं की स्लॅब, सोलर घ्यायचं की नाही, हे सगळं त्यानंतरचं. आमच्याकडे हा पहिला प्रश्न मिटायलाच एक अख्खा पावसाळा गेला.

घराचा विषय निघाला तो निसर्ग चक्रीवादळामुळे. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. आमच्या वाडीतलं एक छप्पर धड राहिलं नाही. जुन्या घराची कौलं खळ्यात, शेजाऱ्यांच्या परड्यात, विहिरीत, जिथे म्हणाल तिथे होती. पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात, वीज तर आठवडेच्या आठवडे नव्हती. त्या वर्षी ताडपत्रीवर निभावलं. पुढे कौलं काढून वासे बघितले तेव्हा आढ्याकडचे दोन-तीन वाळवीने आतून पोखरलेले निघाले, मागची भिंतही बाहेरच्या अंगाला कलली होती. बाबा म्हणाले, आता डागडुजी पुरे.

मी पर्यावरणपूरक घर म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मोबाइलवर दिसतात ती घरं तशीच असतात. गेरूच्या रंगाच्या मातीच्या भिंती, त्यात चिणलेल्या रंगीत बाटल्या, गोल खिडकी, बांबूचा झोपाळा. फक्त ते घर तीन हजार फुटांचं असतं, डोंगराच्या टोकावर असतं आणि त्याचे मालक महिन्यातून एकदा पुण्याहून गाडी घेऊन येतात. दापोली परिसरात असल्या ‘सेकंड होम’चा धंदा जोरात आहे. आधी जेसीबीने डोंगर कापायचा, झाडं काढायची, मग प्रकल्पाच्या नावात झाडाचं किंवा पक्ष्याचं नाव घालायचं. २०२१ च्या जुलैत महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली, त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं. उताराला हात लावायचा नाही आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला जायचं नाही, हे तेव्हापासून मी कागदावर लिहून ठेवलं होतं. नवं घर जुन्या जोत्यावरच बसवायचं. ती जागा निवडणाऱ्यांनी शंभर पावसाळे आधीच तपासून दिले होते.

आता गणपतीचं. दोन्ही काका पैसे घालायला तयार होते आणि त्याबदल्यात त्यांची मागणी रास्त होती: प्रत्येकाला एक खोली, तिला लागून संडास-बाथरूम. आत्याने मागितलं काही नाही, पण तिला वगळून कसं चालेल? असं धरत गेलो तर वरचा मजला आला, मजला आला की स्लॅब आला, स्लॅब आला की कॉलम-बीम आले. ठेकेदारांचा ढोबळ हिशोब असतो, आरसीसी बांधकामात चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट. चोवीसशे फुटांच्या घराला म्हणजे साडेनऊशे पोती, ४८ टन. एक टन सिमेंट बनताना साधारण ६०० ते ८०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यातला मोठा वाटा भट्टीच्या कोळशाचा नसतोच. चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो सुटतो, भट्टी सौर ऊर्जेवर चालवली तरी सुटणारच. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास धरतात. आणि आमच्याकडे हे सगळं कशासाठी, तर वर्षातले साडेतीनशे दिवस कुलूप लावून ठेवायच्या चार खोल्यांसाठी. कुलूपबंद खोलीला कोकणातल्या पावसात बुरशी येते ती वेगळीच.

हे मी काकांना कार्बनच्या भाषेत सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या गाडीची वेळ बघितली असती. बायकोने वेगळी वाट काढली. तिने धाकट्या काकांना विचारलं, लहानपणी गणपतीत तुम्ही कुठे झोपायचात? पडवीत, ते म्हणाले. मग अर्धा तास पडवीच्याच गोष्टी. पत्ते, भजनाची बारी, कोण कुणाच्या अंगावर पाय टाकायचं. जुन्या घरात खोल्या तीनच होत्या, पण ओटी, पडवी, माजघर, माळा या जागा माणसं वाढली की वाढायच्या आणि गेली की आकसायच्या. वळकट्या माळ्यावर जायच्या. म्हणजे पंचविसांचं घर आमच्याकडे होतंच, ते पाचांच्या घरात घडी घालून ठेवलेलं होतं. मोठ्या काकूंनी मात्र त्यावर जे सांगितलं ते मला बिनतोड वाटलं: “पडवीत निजू रे, पण माझे गुडघे जमिनीवरून उठत नाहीत. आणि रात्री परसात जायचं वय राहिलं नाही.” तेव्हा ओटीला लागून एक पाहुण्यांची खोली, खाटांसकट, आणि कमोडचे दोन संडास घरातूनच जाता येतील असे. आत साडेअकराशे फूट, बाहेर पश्चिमेला आणि उत्तरेला नऊ फूट रुंद पडवी. आराखडा इथे ठरला.

बाबांना तरीही कॉलम हवे होते. राहायला नव्हे, सळयांसाठी. आपल्याकडे घर पूर्ण झालं तरी गच्चीवर सळयांचे झुबके उभे असतात, उद्या मुलाने माडी चढवायची म्हणून. महाराष्ट्रात कुठेही एसटीने जा, गावागावांतून हे गंजके झुबके आभाळाकडे बघत असतात. त्या न झालेल्या माडीचा भार वाहायला खालचे कॉलम, पाया, लोखंड आधीच वाढवलेलं असतं. मुलगा हिंजवडीत किंवा दुबईत. हा खर्च कुठल्याच हरित घराच्या चर्चेत येत नाही, कारण तो सामानाचा खर्च नाही, आशेचा आहे. बाबांशी मी यावर वाद घातला नाही. कोकणातल्या स्लॅबचं पुढे काय होतं ते त्यांनीच आजूबाजूला मोजलं होतं. पाच-सात पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागतो, वॉटरप्रूफिंग होतं, पुन्हा गळतो, आणि मग त्याच्यावर लोखंडी सांगाडा करून पत्र्याचं छप्पर घालतात. छपरावर छप्पर! तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छप्पर घालायचं आणि मग त्याला उतरत्या छपराने झाकायचं, याला काय म्हणावं? बाबा म्हणाले, मग सरळ कौलंच घाला.

आणि मग जुनं घर उतरवलं. मला या सगळ्या उद्योगातून काही कळलं असेल तर ते त्या दिवसांत.

आमच्याकडे घर पाडत नाहीत, उतरवतात. आधी कौलं, एकेक, हातोहात. मग रिपा, वासे, आढं. मग दारं-खिडक्या चौकटींसकट. शेवटी भिंती. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, सांधे मातीचे, वरून चुन्याचा गिलावा. गडी वरच्या थराच्या सांध्यात पहार घालायचा, जरा हलवायचा आणि अख्खा चिरा सुटून हातात यायचा. तीस-पस्तीस किलोंचा, चारी कोन शाबूत. माती झटकली की झालं. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उघड्या हवेत ठेवला की त्यातल्या लोहामुळे वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. म्हणजे जुना चिरा नव्याहून चांगला. आमचे मिस्त्री बोटाने वाजवून बघायचे आणि खुशीत मान हलवायचे.

शंभरातले सत्तर-ऐंशी चिरे असे परत मिळाले. ऐनाच्या चार तुळया आणि किंजळीचे बरेच वासे धड होते. फणसाच्या फळ्यांचं पुढचं दार तर नव्यासारखं होतं. घर सामाईक, तेव्हा वाटे पडले. चुलतभावाने त्याच्या वाट्याचे चिरे नेले आणि गडग्याला लावले, आत्याने देवघराची छोटी चौकट मागून घेतली. ज्या घराची वाटणी करायला कोर्टकचेरी लागेल असं गाव म्हणत होतं, ते चार टेम्पोंमध्ये वाटून झालं. त्याच महिन्यात रस्त्याकडचं एक आरसीसी घर रुंदीकरणात गेलं. पंचवीस-तीस वर्षांचं असेल. त्यातून निघाले ते वाकडे लोखंड आणि राडारोडा. लोखंड भंगारवाल्याने नेलं, राडारोडा रातोरात कुणीतरी वहाळात ढकलला.

तेव्हा मी ठरवलं की आपलं घर मोडता आलं पाहिजे. आणखी शंभर वर्षांनी का होईना, माझ्या नातवंडा-पतवंडांना त्यातून चिरा सुटा करून घेता आला पाहिजे. माती, बांबू, चुना, सिमेंट यांतलं काय वापरलं याहून ते कसं जोडलंय याला मी जास्त महत्त्व द्यायला लागलो. हे उत्साहात घरी बोललो तर आई भडकली. “अजून पायाचा दगड पडला नाही आणि हा मोडायचं बोलतोय! वास्तुपुरुष ऐकत असतो.” त्यानंतर हा विषय मी तिच्यासमोर दबक्या आवाजात काढत असे. पण तिच्याच सासूबाईंच्या घराचे चिरे पुन्हा पायात बसताना बघून ती स्वतःहून एकदा म्हणाली, हा बघ, हा न्हाणीघराचा, याला साबणाचा डाग आहे.

तेवढ्यावर भागणारं नव्हतं. संडास, पडवीचे खांब, पाहुण्यांची खोली यांना नवे चिरे लागणार होते. खाण आमच्यापासून पाच-सहा मैलांवर. वास्तुकार लॉरी बेकर सांगायचे, की गावातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं असं गांधीजींचं म्हणणं त्यांच्या मनात घर करून राहिलं. केरळात त्यांनी आयुष्यभर ते पाळायचा प्रयत्न केला. मलाही हा नियम फार आवडायचा. मग खाण बघितली. जिथे सडा होता, म्हणजे वर उघडा कातळ, पावसाळ्यात ज्याच्यावर निळ्या-पिवळ्या फुलांची चादर येते, गुरं चरतात, साठलेल्या पाण्यात बेडूक ओरडतात, तिथे कटरने कापलेले सरळसोट चौकोनी खड्डे. एक सोडून दुसरा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हत्ती, मासे, माणसं, न उलगडलेल्या आकृत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती गेली. सातबाऱ्यावर मात्र सडा म्हणजे पोटखराबा, पिकाला निरुपयोगी जमीन. पाच मैलांच्या आतला म्हणून तो चिरा आपोआप निर्मळ होत नाही. आम्ही नवे चिरे घेतले, घ्यावेच लागले, पण त्या दिवसापासून जुन्या चिऱ्याचा तुकडासुद्धा कुणाला फेकू दिला नाही. तुकड्यांचा पायात भराव झाला, परड्यातली पाखाडी झाली.

आता जोडायचं कशाने? सिमेंटच्या सांध्यातला चिरा पुढे सुटत नाही. सांध्याआधी चिराच फुटतो, कारण सांधा दगडाहून कडक. निव्वळ मातीचा सांधा ठेवायला मी धजावलो नाही. त्याला कारण ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा, म्हणजे जगात रोज नसला तरी दरवर्षी कितीतरी होतात तसा. तरी हजारो माणसं झोपेत गेली, ती मुख्यतः घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती, त्यात आतली आणि बाहेरची अशी दोन कातडी एकमेकांना न बांधलेली, आणि माथ्यावर मातीचं जड माळवद. पारंपरिक, स्थानिक, उन्हाळ्यात थंड. सगळी विशेषणं तिथेही लागू होती. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने हलवलं होतं तेव्हा बाबा शाळेत होते, त्यांना अजून आठवतं. कोयना इथून काही फार लांब नाही.

तेव्हा तडजोड अशी: भिंत नऊ इंचांवर न थांबता चिऱ्याच्या पूर्ण लांबीची अधूनमधून आडवी जोड देत बांधायची. जोत्याच्या, लिंटलच्या (दारं-खिडक्यांच्या डोक्यावरच्या) आणि भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर चारी बाजूंनी सलग काँक्रीटची पट्टी फिरवायची, म्हणजे हादऱ्यात भिंती एकमेकींचा हात सोडत नाहीत. कोपऱ्यांत उभ्या सळया. आणि सांध्याला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. हे मिश्रण पुस्तकांतलं जुनं आणि मान्य आहे. चिऱ्याहून नरम राहतं, भिंत जराशी हलली तर तडा सांध्यात जातो, आणि पुढे कधी पहार घातली तर चिरा वाचतो. मिस्त्रींना चुना सांगितला तर ते हसले. “दादा, चुना आता पानाला लावायला र्‍हायला.” त्यांच्या वडिलांनी घाणीवर चुना मळलेला होता, बैल फिरवून. यांनी सगळी हयात सिमेंटमध्ये काढलेली. पिशवीतला चुना आणला, आदल्या दिवशी भिजवून ठेवायची शिस्त लागायला वेळ गेला, पण थापीखाली तो लोण्यासारखा पसरतो हे कळल्यावर त्यांची तक्रार थांबली. सिमेंट शेवटी दोनशे पोत्यांच्या आत-बाहेर लागलं. शून्य नाही, आणि शून्याचा हट्टही नव्हता.

बँकेचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मूल्यांकनाला आलेल्या गृहस्थांनी ‘लोड बेअरिंग, कौलारू’, म्हणजे कॉलमांऐवजी भिंतींवर भार असलेलं, असं लिहिलं आणि घराचं आयुष्य कमी धरलं, त्यामुळे कर्जही कमी. शंभर वर्षांची भिंत उतरवून झालेल्या ढिगाऱ्याशेजारी उभं राहून त्यांनी हे लिहिलं. उरलेलं काकांनी घातलं.

दिशांचा विचार करताना एक गंमत लक्षात आली. दापोलीत मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला ४९ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला अडीच फुटांची पागोळी पुरते: उन्हाळ्यात ऊन अडतं, थंडीत आत येतं. खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिलमधलं चार वाजताचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. आणि पावसाची झडही तिकडूनच. ऊन आणि झड यांचा दरवाजा एकच, म्हणून जुन्या लोकांनी तिकडे पडवी काढली आणि पावसाळ्यात तिला माडाच्या झावळ्यांचे झाप लावले. आम्हीही तेच केलं. बाबांच्या मित्राने वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितलं, ते मी लगेच मान्य केलं. वारा पश्चिमेचा, धूर आपसूक घराबाहेर.

पडवीचं छप्पर मात्र जुन्यासारखं मुख्य छपराला सलग ठेवलं नाही. वादळात वारा पडवीखाली शिरतो, वर ढकलतो, आणि सलग असेल तर सगळंच उचलतो. निसर्गने आम्हाला नेमकं हेच दाखवलं. आता पडवी वेगळ्या वाशांवर आहे, गेली तर एकटी जाईल. मुख्य छपराच्या तुळया माथ्यावरच्या पट्टीत सोडलेल्या बोल्टांनी आवळल्या आहेत, जिथे जुनं लाकूड कमी पडलं तिथे लोखंडी पाइप, तेही बोल्टचे, वेल्डिंग कमीत कमी. कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधलेली. कौलं मंगलोरी. बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि पुढे ही कौलं सगळ्या किनाऱ्याने पसरली. म्हणजे ज्याला आपण अस्सल कोकणी छप्पर म्हणतो ते आमच्या गावात आलं तेव्हा नव्या फॅशनचंच असणार. त्याआधी नळे, म्हणजे अर्धगोल कौलं होती, त्याआधी गवत.

जमीन सारवायची की नाही यावर चर्चा फार वेळ चालली नाही. मी सारवणाचा थंडावा, शेणामातीचा वास वगैरे बोलायला लागलो तेव्हा आईने कोयती खाली ठेवली. “दर आठ दिवसांनी सारवणार कोण? तू?” तिने चाळीस वर्षं ओणव्याने सारवलंय. परंपरेच्या नावाने आपण जे जे हळहळत असतो, त्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा कुणा बाईची पाठ असते. स्वयंपाकघरात तिला हव्या त्या गुळगुळीत लाद्या, बाकी घरात लाल कोबा. कोबा घोटणारा कारागीर शोधायला तालुका पालथा घालावा लागला.

पाण्याचा हिशोब बायकोने मांडला आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. पडव्यांसकट छप्पर दीडशे चौरस मीटर, पाऊस तीन हजार मिलिमीटर, म्हणजे एका पावसाळ्यात साडेचार लाख लिटर. सांडलवंड वजा केली तरी साडेतीन लाख. पाच माणसांना रोज माणशी १३५ लिटरप्रमाणे उन्हाळ्याचे शंभर दिवस काढायला साडेसदुसष्ट हजार पुरतात. तरी दर मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो! जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि धरत नाही; दिवाळीपर्यंत झरे वाहतात, मग सगळं खाडीला. पण साडेसदुसष्ट हजारांची टाकी बांधायची तर पुन्हा सिमेंटचा डोंगर. म्हणून पिणं, स्वयंपाक, भांडी यांपुरतं, माणशी चाळीस लिटर, शंभर दिवस: वीस हजार. तेवढी फेरोसिमेंटची टाकी, कोंबड्याजाळीवर पातळ गिलावा, गडद झाकण. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा नळ, कारण कौलांवर वर्षभराची धूळ आणि माकडांचा प्रसाद असतो. बाकीचं पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरतं. ते माघात आमच्याच विहिरीत राहील याची काही हमी नाही, बहुधा खालच्या वाडीच्या झऱ्याला जातं. जाऊ दे.

संडासाला दोन शोषखड्डे. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा, वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातलं खत कोरडं, बिनवासाचं होतं. हे तंत्र कोकणाला नवं नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वातंत्र्याच्या काळातच मैल्याचं खत करणारे संडास उभे केले आणि भंगीमुक्तीचा तोच मार्ग मानला. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहूच्या डॉ. मापुसकरांनी पुढे मैल्यावर चालणारा बायोगॅस केला. खड्डे विहिरीच्या खालच्या अंगाला आणि भरपूर अंतरावर हवेत, एवढंच पथ्य; जांभ्यात पावसाळ्यात भूजल फार वर येतं. न्हाणीचं पाणी केळी आणि अळूला, जसं नेहमीच जात होतं.

सोलर तीन किलोवॅटचं, २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतलं, ७८ हजार अनुदानाचं. विकणारे एक सांगत नाहीत: ग्रिडला जोडलेलं पॅनेल वीज गेली की बंद पडतं, ऊन कितीही असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी रचना असते आणि ती योग्यच आहे. पण वादळात तीन आठवडे वीज नसताना छपरावरची तावदानं शोभेची. म्हणून दिवे, पंखा आणि पंपापुरती वेगळी छोटी बॅटरी. जून ते सप्टेंबर उत्पादन जेमतेम, मार्च-एप्रिलमध्ये भरून निघतं.

घर उभं आहे, दोन गणपती झाले. पंचवीस माणसं मावली, काकूंची खाट आणि कमोड या दोन्हींना पूर्ण गुण मिळाले. मोठ्या काकांनी पडवीत डासांबद्दल तक्रार केली आणि पत्त्यांत हरल्यावर ती दुप्पट केली. शेजाऱ्यांनी मिस्त्रींचा नंबर घेतला, चिऱ्याची भिंत, चुना, सगळं बारकाईने विचारलं, आणि स्लॅबचं घर बांधलं. सळया सोडल्यात.

सुटलं नाही ते माकडांचं. जंगलात खायला उरलं नाही, तेव्हा ती वाडीवर येतात, फणसावरून आढ्यावर उडी मारतात आणि जाताना पाच-सहा कौलं फोडून जातात. याच कारणाने निम्म्या गावाने कौलं काढून पत्रे घातले, आणि मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. कुत्रा ठेवून झाला, फटाके झाले, फणसाची फांदी छाटून झाली. जुन्या घराची दोनशे कौलं मांगरात रचून ठेवली आहेत, ती या वेगाने आणखी काही वर्षं जातील. मेअखेरीस बाबा शिडी मागतात, मी त्यांना वर चढू देत नाही, मिस्त्री दिवसाची मजुरी सांगतात, आणि आई खालून ओरडत राहते की कोनाच्या डाव्या बाजूचं कौल सरकलंय, तिकडे बघा आधी.